करटोल्यांचे कंद आणि आमचें कर्तव्य

मृगाच्या सरी पडून भुई भिजली, म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर, शेतांच्या बांधांशीं आणि कांटेरी जाळ्यांच्या आश्रयानें एक नाजूक वेल जमिनींतून डोकें वर काढते. त्यापूर्वींचे कित्येक महिने त्या जागीं तिची खूणही नसते. श्रावण-भाद्रपदांत तिचीं हिरवीं, मऊ कांट्यांचीं फळें टोपल्यांतून शहरांत येतात. त्यांस कोणी करटोलीं म्हणतात, कोणी कर्टुलीं, कोणी कंटोळीं. गोव्यांत व लगतच्या कोंकणपट्टींत फागलां हें नांव चालतें. ठाणें, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील वारली, ठाकूर व कातकरी बायका पहांटे रानांत शिरून तीं वेंचतात आणि रेल्वेस्टेशनाबाहेर किंवा हमरस्त्याच्या कडेस फडकें पसरून विकावयास बसतात. घेणारे हौसेनें घेतात, भाव महाग म्हणून कुरकुरतात, आणि हंगाम सरला कीं त्या भाजीचा व ती आणणाऱ्या बाईचा पुढील पावसाळ्यापर्यंत त्यांस विसर पडतो.

राज्यकारभाराचे व अर्थकारणाचे मोठमोठे प्रश्न उभे असतां एका रानभाजीवर लेख खर्च करावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, भाताची आवणी आटोपल्यावर पीक हातीं येईपर्यंत ज्या कुटुंबास दुसरें उत्पन्न नसतें, त्याच्या दृष्टीनें हीं दोन महिन्यांचीं फळें क्षुल्लक नाहींत. तेल, मीठ, मुलांच्या वह्या आणि औषधपाणी यांस त्यांचा आधार होतो. हें उत्पन्न ज्या वेलीवर अवलंबून आहे, ती वाढते कशी, नष्ट कशानें होते, आणि आपल्या अंगणांत ती कशी लावतां येईल, याचें ज्ञान जेथें पोंचावयास हवें तेथें तें पुरतें पोंचलेलें नाहीं. तें पोंचविणें अवघड नाहीं व खर्चाचेंही नाहीं. म्हणूनच या कामीं होणारी हयगय आम्हांस अधिक दोषास्पद वाटते.

प्रथम वेलीचा स्वभाव पाहूं. काकडी, दुध्या, दोडका व पडवळ यांच्या एकाच वेलीवर नर व मादी अशीं दोन्ही प्रकारचीं फुलें सामान्यतः येतात. म्हणून एक वेल लावली तरी तिला फळ धरतें. करटोल्याची गोष्ट निराळी आहे. त्यांत कांहीं वेली केवळ नर व कांहीं केवळ मादी असतात. त्याच्या शास्त्रीय नांवांतील ‘डायोइका’ हें पद हाच भेद दर्शवितें. नर वेलीस फळ येत नाहीं, आणि मादी वेलीसही तिच्या फुलांवर नर फुलाचे पराग पडल्यावांचून तें येत नाहीं. फुलें पिवळीं असून तीं तिन्हीसांजेस उमलतात, आणि रात्रीं हिंडणारे पतंग एकीचे पराग दुसरीपर्यंत पोंचवितात.

ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें दोन चुका घडतात. कोणी रानांतून एकच वेल आणून परसांत लावतो. ती मादी असली तर जोमानें वाढते, फुलते, पण तिचीं फुलें सुकून गळतात. दोन पावसाळे वाट पाहून घरचीं माणसें तिला वांझ ठरवितात आणि उपटून टाकतात. दुसरा गृहस्थ बांधावरची नर वेल निरुपयोगी म्हणून तोडतो. आणि पुढें आसपासच्या ज्या माद्यांस तोपर्यंत भरपूर फळें येत होतीं, त्यांचीही धारणा घटते. दोन्ही ठिकाणीं वेलीचा अपराध कांहींच नसतो.

या ‘वांझ’ शब्दाविषयीं येथें थोडें बोलणें आम्हांस आवश्यक वाटतें. खरें कारण न शोधतां जिच्यांत दोष दिसतो तिलाच अपराधी ठरवावयाचें, ही खोड आमच्या समाजास केवळ वेलींच्याच बाबतींत जडलेली नाहीं. घरांत मूल झालें नाहीं, म्हणजे पुरुषाची तपासणी न करितां सुनेच्या माथीं तोच शब्द मारणारीं कुटुंबें आजही आढळतात. अपत्य न होण्याचें कारण पुरुषाच्या ठायींही असूं शकतें, हें वैद्यकशास्त्रानें केव्हांच सिद्ध केलें आहे. ज्या गांवांत वेलीचा हा भेद बायकापुरुषांस एकत्र बसवून समजावून दिला जाईल, तेथें या दुसऱ्या गोष्टीचाही विचार करण्यास थोडी वाट मोकळी होईल, अशी आम्हांस आशा आहे.

लोकांची समजूत चुकण्यास आणखी एक कारण आहे, व तें समजून घेतल्यास त्यांस दूषण देण्याचें प्रयोजन उरत नाहीं. कोंकणांत तोंडलीची वेल घरोघर असते. शेजारणीकडून एक कांडी मागून आणावी, ओल्या मातींत खोंचावी, मांडवावर चढवावी, कीं वर्षानुवर्षें तोंडलीं मिळत राहतात. वास्तविक तोंडलीच्याही नर वेली व मादी वेली वेगळ्या असतात. इतकेंच नव्हे, तर हा भेद तिच्या पेशींतील रंगसूत्रांत असल्याचें भारतीय शास्त्रज्ञांनीं १९४० सालींच प्रसिद्ध केलें होतें. परंतु आपण परसांत लावतों ती निवडलेली मादी वेल असते, आणि ती परागांवांचूनही फळ धरूं शकते. त्यामुळें नराची आठवण कोणास होत नाहीं. करटोल्यास ही सवलत नाहीं. तोंडलीचा अनुभव करटोल्यास लावणारी गृहिणी म्हणूनच फसते; तिचा तर्क बरोबर असतो, फक्त माहिती अपुरी असते.

आतां कोणी म्हणेल, बी पेरावें म्हणजे झालें. नर-मादी जें काय उगवायचें तें उगवेल. बियांनीं रानांत हें काम चालतेंच. फळ पिकून नारिंगी होतें, उकलतें, आंतील तांबड्या गराच्या बिया पक्षी नेतात, आणि नव्या जागीं नवी वेल उठते. पण शेतकऱ्यास रानाइतकी सवड नसते. करटोल्याच्या बीचें कवच कठीण, तिला कित्येक महिन्यांची निद्रा असते, व पेरलेलें सगळें एका वेळीं उगवत नाहीं. त्याहून मोठी अडचण ही कीं, उगवलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि कोणतें रोप काय आहे हें फूल येईपर्यंत ओळखतां येत नाहीं. नऊदहा माद्यांमागें एक नर पुरतो, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे शंभर रोपांत दहा नरांची गरज असतां पन्नास पोसावयाचे, त्यांस खत घालावयाचें, मांडव घालावयाचा, आणि मग त्यांतील चाळीस उपटावयाचे! ज्याच्याजवळ चार गुंठ्यांची वरकस जमीन आहे त्यास हा व्यवहार कसा परवडावा?

कंदाची गोष्ट याहून सरळ आहे. करटोल्याच्या वेलीखालीं जमिनींत कंद असतो. पाऊस संपल्यावर वेल वाळून जाते. पण कंद जिवंत राहतो व पुढील पावसाळ्यांत त्यालाच पुनः कोंब फुटतो. मादीच्या कंदापासून मादीच वेल होते, नराच्या कंदापासून नरच. आमच्या शेतकऱ्यास यांत अपरिचित असें कांहींच नाहीं. ऊस तो कांडीपासून लावतो, केळ मुनव्यापासून, हळद बेण्यापासून, आणि रताळें वेलाच्या तुकड्यापासून. करटोल्याचेंही बेणें असूं शकतें, एवढेंच त्यास सांगावयाचें आहे.

इतर प्रांतांनीं ही गोष्ट आपल्या जातभाईंच्या बाबतींत पूर्वींच ओळखली. बंगाल, आसाम व ओरिसा या भागांत करटोल्याचें एक थोरलें भावंड, काकरोल, शेतांत मांडवावर पिकवितात. त्याची लागवड कंदांपासून होते. त्याच्या पसरलेल्या मुळांवर ठिकठिकाणीं नवे कंद धरतात, म्हणून बेणें वाढविणें सोपें जातें. काकरोलाचें फूल सकाळीं उमलतें. शेतकरी त्या वेळीं नर फुलें तोडून मादी फुलांवर हातानें टेकवीत फिरतात, आणि फळ धरण्याचें काम कीटकांवर सोंपवून स्वस्थ बसत नाहींत. बिहारांत गंगेच्या पुरानें सुपीक होणाऱ्या दियारा जमिनींत परवलाची मोठी लागवड आहे. परवलांतही नर व मादी वेगळे. तेथें मादी वेलीचे हातभर-दोन हात लांबीचे तुकडे इंग्रजी आठच्या आंकड्यासारखे वळवून, टोंकें वर ठेवून पुरतात, आणि त्यांच्यामध्यें नेमक्या प्रमाणांत नर लावतात. खुद्द करटोल्याच्या बाबतींतही छत्तीसगडांतील रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालयानें ‘इंदिरा कंकोडा-१’ ही निवडलेली जात शेतकऱ्यांपुढें ठेवली. मग आमच्याच प्रांतीं ही भाजी केवळ रानाच्या कृपेवर कां राहावी?

या कामाची रीत थोडक्यांत सांगतों. ती आमच्या वाचकांनीं इतरांस सांगावी. करटोल्याचा कंद ओळखण्याची वेळ पावसाळा, आणि उचलण्याची वेळ उन्हाळा. या दोहोंमधील विसंगतीमुळेंच पुष्कळांची फसगत होते. उन्हाळ्यांत वेल नाहींशी झालेली असते, मग नर कोणता आणि मादी कोणती हें कसें कळावें? याकरितां श्रावणांतच फुलें पाहून ठेवावीं. ज्या फुलाच्या पाठीशीं इवलें कांटेरी फळ आधींच दिसतें, तें मादीचें. ज्याच्या पाठीशीं नुसता देंठ व त्यावर एक लहानसें पान असतें, तें नराचें. मादीजवळ तांबड्या चिंधीची खुंटी ठोकावी, नराजवळ पांढऱ्या चिंधीची. चांगल्या, टपोऱ्या व भरपूर फळांच्या माद्यांसच खूण करावी. मग माघ-फाल्गुनांत आपल्या जमिनींतील खुणेच्या कंदांभोंवतालची माती हळूच काढावी.

कंद मोठा असल्यास तो उभा चिरतां येतो. मात्र प्रत्येक फोडीस माथ्याकडील डोळ्याचा अंश असला पाहिजे, कारण कोंब तेथूनच फुटतो. कापलेल्या बाजूस राख लावून फोडी एकदोन दिवस सावलींत सुकूं द्याव्या, म्हणजे त्या कुजण्याचें भय कमी होतें. हात-दीड हात लांबरुंद खड्डा करून त्यांत कुजलेलें शेणखत व माती भरावी, आणि कंद माथा वर ठेवून लावावा. दोन वेलींत सुमारें दोन मीटर अंतर असावें. पाणी सांचेल अशी जागा टाळावी. कंदाचा खरा शत्रु तेंच. आधारास मांडव नसला तरी कुंपण चालतें. रानांत ही वेल जाळीवरच वाढते. नर वेल एका कोपऱ्यांत न लावतां माद्यांच्या मध्यें मध्यें लावावी. फळें कमी धरत आहेत असें दिसल्यास संध्याकाळीं उमललेलें नर फूल घेऊन मादी फुलांच्या मध्यावर हलकेंच टेकवावें. काकरोलाचें जें काम सकाळचें, तें येथें संध्याकाळचें, इतकाच फरक.

कांडीपासूनही वेल होऊं शकते, व ज्यास आपला एकुलता चांगला कंद चिरण्याचें धाडस नाहीं, त्यानें हा मार्ग घ्यावा. भर पावसाळ्यांत जोमदार मादी वेलीच्या दोनतीन पेरांच्या कांड्या कापाव्या, खालचें पेर वाळू मिसळलेल्या मातींत पुरावें, वरचें एखादें पान ठेवून बाकीचीं काढावीं, आणि त्या सावलींत ओल्या ठेवाव्या. सर्वच कांड्या धरत नाहींत. ज्यांस मुळें फुटतील त्या लवकर जमिनींत लावल्या पाहिजेत. कारण वेल वाळण्यापूर्वीं तिच्या मुळाशीं लहानसा कां होईना कंद तयार झाला, तरच ती पुढल्या वर्षीं जिवंत उठते. उशिरा लावलेली कांडी हिरवी दिसते, पण तिच्या पोटीं शिदोरी नसते.

इतकें सांगितल्यावर एक इशारा न दिला तर आमच्याच हातून अपराध होईल. कंदापासून लागवड होते हें कळतांच रानांतील कंद खणून आणण्याची बुद्धि कित्येकांस होणार. करटोल्याच्या एका वेलीखालीं बहुधा एकच मुख्य कंद असतो. तो नेला, कीं त्या जागची वेल कायमची गेली. त्यांतही खणणारा फळांच्या माद्याच निवडणार, म्हणजे रानांत उरणार ते नर! शिवाय भाजीकरितां फळें कोवळींच तोडलीं जातात. बिया पिकून पडण्यास फारच थोडीं उरतात. वरून बी नाहीं आणि खालून कंदही नाहीं, अशा कचाट्यांत सांपडलेली वेल किती पावसाळे टिकेल? एखादा व्यापारी दारांत येऊन कंदाला वजनानें पैसे देऊं लागला, तर गरिबाच्या घरीं त्यास नाहीं म्हणणें कठीण. पण त्या एका दिवसाच्या पैशांत पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न विकलें जाईल. म्हणून आमचें सांगणें स्पष्ट आहे. आपल्या बांधावरचा, परड्यांतला कंद वाढवा. रानांतला जागेवर राहूं द्या. रानांतून घेणेंच झालें तर कांड्या घ्या, कारण त्यांनीं मूळ वेल मरत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळूं. करटोल्यास भाव चांगला मिळतो हें पाहून पाणी, भांडवल व तारेचे मांडव असलेले बागाईतदार तीं पिकवूं लागले, तर बाजार भरेल, शहरवासीयांस भाजी स्वस्त मिळेल, आणि जिनें हें फळ शहराच्या ओळखीचें केलें ती रानांतली बाई फडकें गुंडाळून घरीं जाईल. हा आक्षेप पोकळ नाहीं. तो आम्हांस मान्य आहे. पण त्यावर उपाय लागवड थांबविणें हा नव्हे. ज्ञान कोंडून ठेवल्यानें तें गरिबाच्या उपयोगीं पडत नाहीं. ज्याच्याजवळ साधनें आहेत तो तें कोठून तरी मिळवितोच. खरा उपाय हा कीं, तें ज्ञान व बेणें प्रथम तिच्या हातीं द्यावें. तिची निवड वर्षांनुवर्षांच्या अनुभवाची आहे. कोणत्या ओहोळाकांठचें फळ गोड, कोणती वेल लवकर धरते, हें तिच्याइतकें कोणास ठाऊक? त्या पारखीवर निवडलेल्या वेली तिच्याच कुंपणावर आल्या, तर रानांतलें व परसांतलें असें दुहेरी उत्पन्न तिला होईल, आणि रानावरचा भारही हलका होईल.

कायदाही या कामीं अगदींच प्रतिकूल नाहीं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजांत मुळें व कंद यांचा स्पष्ट समावेश केला असून, परंपरेनें तें गोळा करणाऱ्यांस तें वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याच कायद्यानें ग्रामसभांस वन व जैवविविधता यांचें रक्षण करण्याचा अधिकारही दिला आहे. हक्क आणि रक्षण हीं एकाच कायद्याचीं दोन अंगें आहेत. प्रत्येक ग्रामसभेनें पावसाळ्याच्या आरंभीं तीन साधे नियम करावे: गांवच्या रानांतील करटोल्याचा कंद कोणीं खणूं नये, प्रत्येक वेलीवर कांहीं फळें पिकावयास ठेवावीं, आणि नर वेल कोणीं तोडूं नये. हे नियम बाहेरच्या अंमलदारानें लादण्यापेक्षां, वेंचणाऱ्या बायकांनीं सभेंत स्वतः बोलून ठरविले तर अधिक पाळले जातील.

सरकारी कृषिखात्याकडे आमची मागणी याहून निराळी आहे. अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाज्यांचे महोत्सव भरतात. तेथें पाककृतींचे ताट मांडले जातात, छायाचित्रें निघतात. तें सर्व ठीक आहे. पण महोत्सवाहून परत जाणाऱ्या बाईच्या टोपलींत दहा माद्यांचे व एका नराचे खुणा केलेले कंद पडले, तर त्या महोत्सवाचें फळ पुढील वर्षीं दिसेल. दापोली येथें १९७२ पासून कोंकणाचें स्वतंत्र कृषिविद्यापीठ आहे. खात्यानें व विद्यापीठानें मिळून तालुक्यातालुक्यांच्या रोपवाटिकांत स्थानिक वेलींपासून नर-मादी निश्चित केलेलें बेणें वाढवावें, आणि तें प्रथम वनहक्कधारक कुटुंबांस नाममात्र किंमतींत द्यावें. आश्रमशाळांच्या आवारांत चार वेली लावल्या, तर मुलांस फुलांचा भेद पुस्तकांतील चित्रावांचून कळेल, आणि तीं मुलें घरीं जाऊन आईस तो दाखवितील. शिकविणाऱ्यानें मात्र आपण अडाण्यास शहाणें करावयास आलों आहों, हा अभिमान दाराबाहेर ठेवावा. कारण अर्धी विद्या त्या आईकडूनच शिकावयाची आहे.

शहरांतील गृहस्थांसही आमचें दोन शब्द सांगणें आहे. दुकानांतील छापील किंमत आपण मुकाट्यानें देतां, आणि पहांटेपासून चिखलकांट्यांत हिंडून आलेल्या बाईशीं मात्र पांच रुपयांकरितां घासाघीस करितां, हें शोभत नाहीं. आपणांस ही भाजी पुढेंही खावयाची असेल, तर तिचा भाव देण्यांत आपण उपकार करीत नसून त्या रानाच्या राखणीचा वांटा उचलीत आहां, असें समजावें.

या वर्षीं ज्यांच्या बांधावर वेल चढली असेल, त्यांनीं संध्याकाळीं पांच मिनिटें तिच्यापाशीं उभें राहून फुलांच्या पाठी पाहाव्या, आणि तांबडी-पांढरी चिंधी बांधून ठेवावी. सरकार काय करील व केव्हां करील तें पुढें पाहूं. ही चिंधी बांधण्यास कोणाच्याही हुकुमाची गरज नाहीं. ती वेळ चुकली, तर मात्र वेल वाळेल, खूण पुसेल, आणि कंद जमिनींत असूनही आणखी एक वर्ष फुकट जाईल.